केटिलचा गुरुवार

ओद्दुरला कॅन्सर असल्याचं कळून सहा दिवस झाले होते, आणि सहाही दिवस तो सकाळी साडेसहाच्या ठोक्याला गावच्या पोहण्याच्या तलावावर हजर होता. काही झालंच नाही अशा थाटात तो कपडे उतरवी, न्हाणीघरात सगळ्यांसारखा उघडानागडा उभा राहून साबण लावी आणि मग चड्डी चढवून बाहेरच्या गरम कुंडात गळ्यापर्यंत जाऊन बसे. न्हाणीघराच्या भिंतीवर माणसाच्या आकृतीचा एक फलक आहे. साबण लावल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायचं नाही आणि तो कुठे कुठे लावायचा, त्या जागा त्यावर लाल रंगाने दाखवल्या आहेत: डोकं, काखा, पाय आणि नेमकी ती मधली जागा. जन्मभर तो फलक बघत आलेला ओद्दुर या आठवड्यात मात्र त्याच्याकडे पाठ करून अंग धूत होता.

कुंडात नेहमीची मंडळी होती. फिन्नबोगी, निवृत्त शाळामास्तर, जो पाण्यातसुद्धा हजेरी घेतल्यासारखा बोले. ग्रीमुर, रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी चालवणारा, जो बोलतच नसे. जानेवारीत इथे उजाडायला अकरा वाजतात, त्यामुळे वर काळं आभाळ, मधे वाफ आणि वाफेतून दिसणारी बर्फ साचलेली डोकी, एवढंच काय ते दिसत होतं.

"ओद्दुर, समिती विचारतेय," फिन्नबोगी म्हणाला. "मेजवानीला चार आठवडे राहिले. यंदा कोणाची टोपी उडवायची?"

"यंदा मी नाही लिहीत."

"अरे जा रे! तू नाही लिहिलंस तर मेजवानीला खायचं काय? मेंढ्याची आंबवलेली वृषणं?"

खरं म्हणजे मेजवानीला तीच खातात. ऐन हिवाळ्यात, अंधाराला विटलेलं अख्खं गाव एका रात्रीसाठी सभागृहात जमतं, आंबवलेलं मांस खातं, घसा जाळणारी दारू पितं, आणि मग समितीची माणसं मंचावर येऊन वर्षभरात कोणी काय गाढवपणा केला ते नकला करून, श्लोक रचून सांगतात. त्याचे दोन नियम आहेत. मंचावर काय येणार ते नवऱ्याने बायकोला आणि बायकोने नवऱ्याला सांगायचं नाही. आणि ज्याची टोपी उडेल त्याने सगळ्यांत मोठ्याने हसायचं.

"सात वर्षांपूर्वी रचलास तसा एखादा दे," फिन्नबोगी म्हणाला, आणि कोणी विचारलं नव्हतं तरी केटिल आणि त्याची बायको दाग्नी यांच्यावरचा तो श्लोक म्हणून दाखवू लागला:

"साबण महाग झाला गावी, केटिल काही न्हाईना,
कुंडामधले पाणी रुसले, ढुंकुनसुद्धा पाहीना;
गोठ्यातल्या सगळ्या मेंढ्या म्हणतात, 'वास ओळखिचा येतो',
दाग्नी म्हणते, 'खिडकी उघडा, जीव गुदमरुनी जातो!'"

ग्रीमुर हसला. ओद्दुरही सवयीने हसला. हा श्लोक म्हणजे त्याच्या डोक्यावरचा तुरा होता. गावातल्या पोराटोरांना तो पाठ होता, आणि गाव सोडून राजधानीत गेलेली माणसंही सुट्टीला आली की त्याला रस्त्यात थांबवून तो ऐकवायची. तीस वर्षं मच्छीमारांची जाळी विणण्यात आणि शिवण्यात गेली, पण लोक ओद्दुरला ओळखत ते त्या चार ओळींवरून.

राजधानीतल्या डॉक्टरचं नाव अर्ना. इथे डॉक्टरलाही नावानेच हाक मारतात आणि अरेतुरेच करतात. अर्ना ओद्दुरच्या धाकट्या मुलीच्या वयाची होती. तिने कागदावर अक्रोडाएवढी प्रोस्टेटची ग्रंथी आणि तिच्यातली गाठ काढून दाखवली. मग तीन रस्ते सांगितले. एक, शस्त्रक्रिया करून ग्रंथी काढून टाकायची. दुसरा, आठवड्यांमागून आठवडे राजधानीत राहून किरण घ्यायचे, जोडीला इंजेक्शनं. तिसरा, आत्ता काही न करता नुसतं लक्ष ठेवायचं. रक्त तपासत राहायचं, गाठ वाढते का बघायचं.

ओद्दुरने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"तलावावर कधी जाता येईल?"

अर्नाने पेन खाली ठेवलं. "शस्त्रक्रियेनंतर लघवीवर ताबा राहत नाही काही दिवस. बहुतेकांचा काही महिन्यांत परत येतो. कोणाला वर्ष लागतं, थोडं जास्तही. थोड्या जणांचा पूर्ण येत नाही. तोवर आत पॅड घालावं लागतं. किरणांचे त्रास वेगळे, ते नंतर सांगते. आणि पलंगावरचंही बोलावं लागेल, तुझ्या बायकोला घेऊन ये."

"मग मी थांबतो. लक्ष ठेव तू."

"काहींना मी स्वतःच थांबायला सांगते, ओद्दुर. पण तुझी गाठ तेवढी गरीब स्वभावाची नाहीये. तुला थांब म्हणणार नाही मी. तीन आठवडे घे, बायकोशी बोल, ज्यांनी हे केलंय अशा कोणाशी तरी बोल. फक्त लाजेपोटी ठरवू नकोस."

लाजेपोटी! ओद्दुरला राग आला होता. त्या पोरीला काय कळणार? तिला काय माहीत, न्हाणीघरात बारा माणसांसमोर पॅड सोडून उभं राहायचं म्हणजे काय, आणि आपल्यामुळे कुंडाचं पाणी खराब होतंय की काय या धास्तीत गप्पा मारायच्या म्हणजे काय. आणि कुंड सोडलं तर ओद्दुरकडे उरणार काय होतं? जाळ्यांचं दुकान विकून झालं होतं, मुली लांब होत्या.

सातव्या दिवशी, तलावावरून आल्यावर, त्याने बायकोला, ऊनाला, सांगून टाकलं. टेबलावर कॉफी होती, सुका मासा आणि लोणी होतं. आजाराचं ऊनाला ठाऊकच होतं. त्याने सांगितला तो निर्णय.

"थांबायचं ठरवलंय मी."

ऊनाने माशाचा तुकडा तोडता तोडता हात थांबवला. "डॉक्टर थांब म्हणाली?"

"ती तरुण आहे."

"म्हणजे नाही म्हणाली. आणि हे तू कुठे ठरवलंस? कुंडात?"

"त्यांना काही माहीत नाही."

"वा! म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांना लाजून मरायचं ठरवलंयस. मला विधवा करायचं तर निदान कारण तरी बरं शोध!" ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. इतक्या वर्षांत तिने आवाज चढवला होता तो बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. "केटिलशी बोलायला पाहिजे होतंस. त्याचं डोकं शाबूत होतं तेव्हा."

"केटिलचा काय संबंध?"

ऊना बसली. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले, आणि मग हळूच म्हणाली, "केटिलला हेच झालं होतं. तुझ्या श्लोकाच्याही आधी, साडेआठ वर्षं झाली. शस्त्रक्रिया केली होती त्याने."

ओद्दुरला आधी काही समजलंच नाही. समजलं तेव्हा त्याच्या डोक्यात दुसरं काही आलं नाही, फक्त ती पहिली ओळ आली: साबण महाग झाला गावी.

"तुला माहीत होतं?"

"दाग्नीने शपथ घातली होती. तुलासुद्धा सांगायचं नाही म्हणून. तुला तर नाहीच."

"मग श्लोकाच्या आधी मला अडवायचं होतंस!"

"श्लोक तू मला दाखवलास कधी?" ऊना म्हणाली. "समितीचं गुपित! मी सभागृहात बसून तो पहिल्यांदा ऐकला, ओद्दुर, सगळ्या गावाबरोबर. आणि समोरच्या टेबलावर केटिल हसत होता."

एका छपराखाली दोघांनी दोन गुपितं इमानेइतबारे सांभाळली होती, आणि त्या इमानाने तिसऱ्याचा गळा कापला होता. ओद्दुरला कोणावर चिडावं ते कळेना. चिडायला माणूस एकच होता आणि तो खुर्चीत बसून थंड कॉफी पीत होता.

केटिल बोटीचा तांडेल. तीस वर्षं त्याची फाटकी जाळी ओद्दुरच्याच दुकानात यायची, आणि दर गुरुवारी, दुकान लवकर बंद करून, दोघे संध्याकाळी कुंडात जाऊन बसायचे. सकाळ गावाची होती, पण गुरुवारची संध्याकाळ त्या दोघांची. ओद्दुर नवे श्लोक तिथेच पहिल्यांदा म्हणून दाखवी. केटिल डोळे मिटून ऐके आणि प्रत्येक वेळी म्हणे, "बरा आहे. तिसरी ओळ लंगडते." आणि खरंच तीच लंगडत असे.

मग एका गुरुवारी केटिल आला नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. तिसऱ्या गुरुवारी ओद्दुर दोन तास एकटा पाण्यात बसला, बोटांची पार मनुका होईपर्यंत, आणि रुसून घरी गेला. विचारायला हवं होतं. पण इथे कोणी कोणाला विचारत नाही. माणूस येईनासा झाला तर त्याला त्याचं कारण असेल, वाटलं तर सांगेल, ही इथली रीत. आणि रीत म्हटलं की भित्रेपणालाही घर मिळतं. दुकानात जाळी येत राहिली, बोलणं जाळ्यांपुरतं उरलं. दीड वर्षाने ओद्दुरने विचारलं ते मंचावरून, श्लोकातून, दोनशे माणसांसमोर. गंमत म्हणून, असं तो आजवर म्हणत आला होता. गंमत नव्हती ती. त्याला डिवचायचं होतं.

दाग्नीचं घर धक्क्याच्या टोकाला होतं. तिने दार उघडलं, ओद्दुरचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "ऊनाने सांगितलं?"

"हो."

"आणि तुलाही झालंय."

"तुला कसं कळलं?"

"नाहीतर तू इथवर आला असतास होय? बूट काढ. बर्फ आत आणू नकोस."

तिने कॉफी ओतली आणि तळलेल्या पिळाच्या पुऱ्या पुढे ठेवल्या. रागावलेली दिसत नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, असं ओद्दुरला वाटलं. शिव्या खाऊन माणूस मोकळा होतो. ती मात्र पोस्टात टपालाची वर्गवारी करावी तशी एकेक गोष्ट समोर ठेवत गेली. तिने जन्मभर तेच काम केलं होतं.

"पॅड आणायला तो ऐंशी किलोमीटर गाडी चालवत जायचा, डोंगरापलीकडे. आपल्या दुकानातल्या पोरीने बघू नये म्हणून. बर्फ असला तरी. बोटीवरच्या पोरांना सांगितलं होतं, पाठ धरलीय. पहिले सहा महिने वाईट होते. मग कमी होत गेलं. शिंक आली की, वजन उचललं की, एवढंच. चौदा महिन्यांनी थांबलं. पूर्ण थांबलं, ओद्दुर. मला वाटतं, त्या दिवसाइतका तो आमच्या लग्नालाही खूश नव्हता."

"चौदा महिने," ओद्दुर म्हणाला. तो मनात हिशोब करत होता आणि तो हिशोब त्याला नको होता.

"तरी आणखी दोन महिने त्याने स्वतःला तपासून बघितलं. कोरडा आहे ना, कोरडा आहे ना. मग म्हणाला, आता ओद्दुरकडे जातो. मेजवानी शनिवारी होती. तिच्या पुढच्या गुरुवारी जायचं ठरलं. पिशवी आठवडाभर आधीच भरून ठेवली होती दाराशी. टॉवेल, चड्डी, साबण. नवीन साबण आणला होता." ती क्षणभर थांबली. "हो. साबण."

ओद्दुरने पुरी उचलली होती ती तशीच बशीत ठेवली.

"सभागृहात हसला ना तो?" दाग्नी म्हणाली. "नियमाप्रमाणे, सगळ्यांत मोठ्याने. घरी येताना वाटेत फक्त एवढंच म्हणाला, तिसरी ओळ लंगडते. गुरुवार आला. मी म्हटलं, जा. म्हणाला, आता गेलो तर म्हणतील, साबण स्वस्त झाला वाटतं. मी म्हटलं, मग सांगून टाक त्याला, काय झालं होतं ते. म्हणाला, आता सांगितलं तर ओद्दुरला जन्मभर लागून राहील. पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी तो मेजवानीला आला नाही. तुम्ही म्हणालात, माणसाला गंमत कळत नाही."

तसं ओद्दुरच म्हणाला होता. याच शब्दांत म्हणाला होता.

"मी काय करू, दाग्नी?"

"कशाचं? तुझ्या गाठीचं की केटिलचं?"

ओद्दुरने पुरीची बशी बाजूला सारली.

"गाठीचं मला विचारशील तर तो शस्त्रक्रियेवर कधी हळहळला नाही. पलंगावरचं गेलं ते गेलं, त्याचं दुःख झालं आम्हाला दोघांना, खोटं कशाला बोलू. पण तो जगला. रक्त अजून स्वच्छ आहे त्याचं. डोकं गेलं ते दुसऱ्याच वाटेने गेलं." तिने कप उचलले. "आणि केटिलचं म्हणशील तर तो आहे तिथे, वृद्धाश्रमात, टेकडीवर. दोन वर्षं झाली. तू एकदाही गेला नाहीस."

तो तिथूनच टेकडीवर गेला. बैल गेला नि झोपा केला, असं त्याला चढ चढताना वाटत होतं, पण पाय वळत नव्हते.

केटिल खिडकीशी बसला होता. अंगाने तसाच होता, खांदे तेच, फक्त डोळ्यांत कोणी राहत नसल्यासारखं वाटत होतं. खुर्चीच्या पायाशी निळी पिशवी होती.

"केटिल, मी आलोय."

"बस, बस," केटिल म्हणाला, अनोळखी पाहुण्याशी बोलतात तसा मोठ्या आदबीने. "तू नवीन आहेस का इथे?"

"मी ओद्दुर."

"ओद्दुर माझा मित्र आहे," केटिल म्हणाला. "जाळीवाला. तू ओळखतोस त्याला?"

ओद्दुरने होकारार्थी मान हलवली. वाटेत त्याने मनात बरंच काही जुळवून आणलं होतं. त्यातलं एवढंच तो बोलला. "तो श्लोक रचायला नको होता मी. मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं, विचारायला हवं होतं. मला माफ कर, केटिल."

श्लोक हा शब्द ऐकताच केटिलचा चेहरा उजळला. त्याने डोळे मिटले, गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला आणि म्हणू लागला. साबण महाग झाला गावी. बायकोचं नाव कधी आठवे, कधी नाही; मुलांची नावं गेली होती, बोटीचं नाव गेलं होतं; पण हा श्लोक त्याच्यात अक्षर न् अक्षर शाबूत होता. तिसऱ्या ओळीवर तो थांबला, नाक मुरडलं.

"ही लंगडते. सगळ्या मेंढ्या कशाला? एका मेंढीने काम भागतं. 'गोठ्यामधली मेंढी म्हणते.' म्हणून बघ."

ओद्दुरने म्हणून बघितली. ओळ सरळ चालू लागली. माफी मागणारा आला होता पण माफ करणारा घरात नव्हता, आणि जो घरात होता तो ओळ दुरुस्त करत बसला होता. ओद्दुरला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं. केटिलने त्याला खिशातला रुमाल दिला आणि आवाज खाली आणून विचारलं, "आज गुरुवार आहे का?"

"नाही. मंगळवार."

"मला तलावावर जायचंय. गुरुवारी. पिशवी भरलीय. आता मी बरा आहे." तो आणखी जवळ झुकला. "कोरडा आहे. पूर्ण."

दारात उभ्या असलेल्या परिचारिकेने ओद्दुरला बाहेर गाठलं. रोज विचारतो, ती म्हणाली; पिशवी हलवली की ओरडतो. पाण्यावर न्यायचा एकदा विचार झाला होता, पण हृदय कमकुवत, गरम पाणी सोसणार नाही. डॉक्टरांनी सक्त नाही सांगितलं होतं. रोज 'आज नाही, उद्या' असं सांगितलं की गप्प होतो.

ओद्दुरने अर्नाला फोन लावला तो तिथल्याच व्हरांड्यातून. तीन आठवड्यांतले आठ दिवससुद्धा पुरते झाले नव्हते.

"शस्त्रक्रिया," तो म्हणाला. "आणि पुढच्या वेळी बायकोला घेऊन येतो."

"कोणाशी बोललास?"

"एका मित्राशी." मग त्याला वाटलं हे अर्धंच खरं आहे. "त्याच्याशी बोलायला मला फार उशीर झाला. पण केटिलला पाण्याबाहेर शस्त्रक्रियेने ठेवलं नव्हतं. दुसऱ्याच गोष्टीने ठेवलं."

ती दुसरी गोष्ट कोणती, ते त्याने फोनवर सांगितलं नाही. ते सांगायची जागा वेगळी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुंडात उतरला आणि बसायच्या आधीच बोलला. उभ्यानेच, कमरेपर्यंत पाण्यात. इतकी वर्षं नेमक्या शब्दांत बोलणारा माणूस त्या दिवशी तोतरा झाला. मला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, पुढच्या महिन्यात काढून टाकणार आहेत, नंतर काही महिने मी पॅड लावून हिंडणार, कोरडा झालो की परत येणार आणि त्या न्हाणीघरात तुमच्यासमोर उभा राहणार. आणि केटिललाही हेच होतं. तो चौदा महिन्यांनी बरा होऊन परत यायला निघाला होता, आणि मी त्याला माझ्या श्लोकाने घरी बसवला. आपण सगळे हसलो, पण रचला मी.

वाफ वर जात राहिली. ग्रीमुर, जो कधी बोलत नसे, तो म्हणाला, "शस्त्रक्रियेला निघशील त्या दिवशी घाटात बर्फ असेल तर मी गाडी घेऊन पुढे जाईन."

फिन्नबोगीने घसा खाकरला. "तो श्लोक आता कोणी म्हणायचा नाही. मी बघतो."

"काय बघणार तू? पोरांना पाठ आहे. राजधानीत गेलेल्यांना पाठ आहे." ओद्दुर पाण्यात बसला. "जाळं फाटलं तर बोटीवरून काढून आणायचे माझ्याकडे. हे कुठून काढून आणू?"

जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात, ते खरं आहे. पण ओद्दुरला छळत होतं ते याच्या उलट. त्याला त्या वंशा जायची गरजच नव्हती. दुकान बंद करून टेकडीच्या खाली, धक्क्याच्या टोकापर्यंत, सात मिनिटं चालत जायचं होतं, आणि विचारायचं होतं: काय रे, येत का नाहीस?

त्या वर्षी मेजवानीला ओद्दुर आणि ऊना गेले नाहीत. शस्त्रक्रिया शुक्रवारी ठरली. आदल्या दिवशी दुपारनंतर राजधानीकडे निघायचं होतं. ग्रीमुरची गाडी सकाळीच घाटात पुढे गेली होती. निघण्यापूर्वी ओद्दुर टेकडीवर गेला. गेला महिनाभर तो रोज जात होता, कुंडातून निघून थेट, ओल्या केसांनी. रोज श्लोक होई, रोज तिसरी ओळ दुरुस्त होई, आणि रोज केटिल विचारी. आजवर उत्तर सोपं होतं. गुरुवारी मात्र ओद्दुर मुद्दाम उशिरा, केटिल झोपल्यावर जाई.

आज तसं जमणार नव्हतं. केटिल जागा होता, अंगात कोट होता, निळी पिशवी मांडीवर होती. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान परिचारिकेने सकाळीच फाडलं होतं आणि मोठ्या अक्षरात गुरुवार दिसत होता. केटिलची कॅलेंडरकडे पाठ होती.

"आज गुरुवार आहे का?"

"नाही," ओद्दुर म्हणाला. "उद्या."

"नक्की?"

"नक्की."

केटिलने पिशवी उघडली. टॉवेल बाहेर काढला, पुन्हा घडी घातली, पुन्हा आत ठेवला. चड्डी. मग तो साबण, कागदातून कधीच न सुटलेला. सगळं जागच्या जागी आहे याची खात्री झाल्यावर त्याने बंद ओढला.

"उद्या जायलाच पाहिजे," तो म्हणाला. "ओद्दुर तिथे वाट बघत बसला असेल. रुसतो तो लवकर."

"बसलाय," ओद्दुर म्हणाला. "रुसला नाहीये."